सात टनांची तूट

१

लातूरच्या मोंढ्यातल्या वजनकाट्यावर एका सकाळी सात टन पाणी हरवल्याचं उघडकीला आलं. नांदेडला गाडी काट्यावर चढली तेव्हा टाकीत तीस टन पाणी होतं. चौथ्या दिवशी लातूरला चढली तेव्हा तेवीस. झाकणावरचं शिशाचं सील शाबूत, खालच्या तोटीवरचं सील शाबूत, टाकीला भोक नाही, रस्त्यावर थेंब नाही.

साल सांगत बसत नाही. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता, आणि ओलं म्हणावं असं त्या वर्षी आमच्याकडे तेवढंच उरलं होतं. ऊन असं, की कावळे चांभाराच्या दारात पायताणासाठी ताटकळत बसत. मी पाहिलेलं सांगतो.

"काटा चुकला असंल," शेषेराव म्हणाला. सोळा चाकांची ती गाडी चालवणारा हा ड्रायव्हर. बिलोलीचा. मान जाड, आवाज बारीक.

काट्याच्या खोलीतून बसलिंगप्पा मापाडी बाहेर आले. चाळीस वर्षं त्यांनी या मोंढ्यात दुसऱ्यांचं धान्य मोजलं होतं. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. काट्यामागच्या खोलीत एकटेच राहत आणि रोज एक भाकरी थापत. दीड थापली तर अर्धी कुणासाठी, असा प्रश्न पडतो म्हणत.

"थांब जरा," म्हणाले. तुरीनं भरलेला शेजारचा ट्रक त्यांनी काट्यावर घेतला. काल संध्याकाळी भरलं होतं तेवढंच वजन आज भरलं. "काटा ठीक हाय. तुझंच कुठं सांडलं बघ, शेषेराव."

पुलांचे ओव्हरसियर शंकरप्पा टाकीखाली वाकून कोरडी माती चाचपत होते. गाडीचा पट्टा ढिला व्हावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. चौथा मी, श्रीमंत. जीपचा ड्रायव्हर. अंगात धुतलेला पांढरा सदरा, नावाला शोभेलसा.

आणि या सगळ्याच्या मुख्य त्या शिवगंगाबाई. मूळ उदगीरच्या, हैदराबादेत शिकलेल्या, समुद्राकाठच्या अणुप्रयोगशाळेत धातूंचं काम करणाऱ्या. आठ दिवस तेच एक धुळीनं तांबूस झालेलं लुगडं त्यांच्या अंगावर होतं. त्यांनी काट्याची चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घातली आणि आम्हा तिघांकडे पाहिलं.

"पाणी कुणी नेलं ते मागाहून बघू," त्या म्हणाल्या. "मला आधी एवढंच सांगा. तेरवाडीच्या पुलाआधी गेलं, की पुलानंतर?"



२

त्या प्रश्नात काय होतं, ते बाईंनी बसलिंगप्पांना खोलीत बसून सांगितलं. मी दाराशी उभा होतो.

"शरणार्थी, अप्पा," असं म्हणूनच त्यांनी सुरुवात केली. लिंगायत घरांतला हा नमस्कार ऐकून म्हातारा जरा सैल झाला.

दक्षिणेतल्या एका अणुभट्टीतून जळून झालेल्या इंधनाच्या चार कांड्या बाईंच्या प्रयोगशाळेत न्यायच्या होत्या. तिथं जाड काचेआडून लोखंडी हातांनी त्या कापायच्या, आणि आतल्या धातूला कुठं भेग जाते ते भिंगातून बघायचं. ते कळलं तर पुढच्या भट्ट्या अधिक सुरक्षित होतील. कांड्या विझलेल्या, पण राखेखालच्या निखाऱ्यासारख्या. म्हणून शिसं आणि पोलाद यांचं तीस टनी पिंप. ते रस्त्यानं न्यायचं. बिलोलीकडून नांदेड, नांदेडहून लातूर, मुरुड, आणि पुढं पश्चिमेला.

"पिंप फुटलं तर?" अप्पांनी विचारलं.

"पिंप फुटत नाही. उंचावरून टाकून, जाळात घालून, पाण्यात बुडवून बघितलंय. पूल खचला तरी पिंप वाचेल." बाई थांबल्या. "शेषेराव वाचणार नाही."

तेरवाडीचा पूल निजामाच्या काळातला, पाच दगडी कमानींचा. नांदेड आणि लातूरच्या नव्या हद्दीवर. तो किती वजन पेलतो याचे कागद जुन्या कचेरीतून नव्या कचेरीकडे निघाले होते आणि वाटेतच कुठंतरी संसार करून राहिले होते. म्हणून रंगीत तालीम ठरली. तेवढ्याच वजनाची टाकी, तीच गाडी, तोच वेग, तोच ड्रायव्हर. टाकीवर पिवळा रंग दिला, धोक्याची खूण काढली. गावोगाव दवंडी पिटली, की या गाडीत अदृश्य विस्तव आहे, पन्नास पावलांच्या आत कुणी फिरकू नये. खऱ्या वेळी लोक कसे वागतील, तेही पाहायचं होतं.

गाडी पुलावरून गेली. पूल हूं की चूं करीना. बाईंनी वहीत लिहिलं, पूल योग्य.

"आता जर तेव्हा टाकीत तेवीस टनच असतील," बाई म्हणाल्या, "तर मी तीस टनांसाठी पूल तपासलेलाच नाही. सोमवारी मला सही करायची आहे. पावसाळ्याआधी कांड्या निघाल्या नाहीत तर वर्ष जातं."

"पुन्यांदा गाडी न्या पुलावरून."

"पूल एक दिवस बंद ठेवायला दोन जिल्ह्यांची परवानगी लागते. मिळायला दीड महिना गेला. नुसती शंका आहे म्हणून दुसऱ्यांदा कुणी देणार नाही. पाणी पुलाआधी चोरलं असं कुणी लेखी दिलं, तर एका दिवसात मिळेल."

अप्पांनी रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला.

"दवंडीनं समदा मुलूख पळवून लावला तुमी. मंग त्या टाकीला हात लावायची छाती कुणाची? आत पानी हाय, हे ज्याला ठाऊक, त्याचीच. असे कितीजण?"

"शेषेराव, शंकरप्पा, मी." बाईंनी बोटांवर मोजलं. "आणि हे श्रीमंतराव."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस तराजूकडे पाहतो तसं, म्हणजे चेहऱ्याकडे नाही.

"आज शुक्रवार," ते म्हणाले. "दोन दिवस द्या मला. अन् ही जीप."

३

शेषेरावला त्यांनी काट्याच्या ओट्यावर बसवलं आणि विड्याचं पान दिलं.

"नांदेडहून निघाल्यावर गाडी कुठं कुठं उभी होती?"

"दोन जागी. तेरवाडीच्या डाकबंगल्याम्होरं दोन दिवस. बाई अन् ओव्हरसियर पुलाखाली यंत्रं बसवून राहिले होते, कमान किती दबती ते मोजायला. दिवस उगवायला जायचे, मावळायला यायचे. मंग पूल झाला, अन् चाकूरच्या मैदानात एक दिवस. एक टायर बसला होता."

"तेरवाडीत तू कुठं निजायचास?"

"गाडीखालीच. दिवसबी तिथंच. हलतो कशाला?"

"बंगल्यावरच्या खानसामिणीचा कोंबडा झोपू देतो का रे?"

"कुठला, अप्पा. लई वरडतो."

अप्पा हसले आणि पान आणखी एक दिलं.

शंकरप्पा स्वतःहून आले. निलंग्याकडचे, पन्नाशीचे, सचोटीचे म्हणून ख्याती, आणि ती ख्याती जपण्यापायी झोप गमावलेले.

"अप्पा, लोक माझंच नाव घेतील," ते म्हणाले. "गेल्या वर्षी दुष्काळी कामात त्या पुलाची दुसरी कमान मी दुरुस्त केली. पूल नापास झाला तर माझं काम खोटं ठरतं. म्हणून मीच वजन उतरवलं, असं कुणी म्हटलं तर मी काय सांगू?"

"उतरवलंस का?"

"नाही."

"दुरुस्ती चांगली केलीस?"

"दुसऱ्या कमानीची केली. बाकीच्या चारांना पैसेच मंजूर नव्हते."

"हे बाईंना सांगितलंस?"

शंकरप्पा म्हणाले, "विचारलं नव्हतं त्यांनी."

संध्याकाळी बाईंनी मला चहा आणायला पाठवलं. परत आलो तर त्या कोरा कागद पुढ्यात घेऊन बसल्या होत्या, वर शंकरप्पांचं नाव लिहून.

"हाच माणूस आहे ना, श्रीमंतराव?" त्यांनी विचारलं. "लाभ दुसऱ्या कुणाचाच नाही."

मी म्हणालो, मला काय कळतं. चहा ठेवला आणि बाहेर आलो.

बाहेर अप्पा शिडी लावून टाकीवर चढले होते. वयाच्या मानानं वेडेपणाच. टाकीच्या माथ्यावर श्वासाला एक वाकडी नळी होती. तिला सील नव्हतं, टाकीला श्वास हवाच. अप्पांनी त्या नळीत बोट घातलं आणि हुंगलं. मग खाली उतरून टाकीची उजवी बाजू पाहिली, डावी पाहिली. तळहातानं घाईत दिलेला तो पिवळा रंग हळूहळू चाचपत गेले, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसे. दोन्ही बाजूंना वरच्या भागात रंगाला फोड आले होते. बारीक, मोहरीएवढे. खाली येता येता एका सरळ रेघेत ते थांबत होते. रेघेखाली रंग नव्या नवरीसारखा.

"श्रीमंत," त्यांनी हाक मारली. "उद्या सकाळी तेरवाडीला चल. दोघंच जाऊ."

त्यांच्या नखात पिवळ्या रंगाचा एक पापुद्रा होता.

४

लातूर सोडलं की अहमदपूरपर्यंत बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यापुढं बोलायला माणूसही नव्हतं. बाया-पुरुष खडी फोडायच्या कामांवर गेलेले, गुरं छावणीत. घरांना कुलपं कमी आणि काट्याच्या फांद्या जास्त. तेरवाडीत तर अकरा म्हातारी माणसं आणि तीन म्हशी एवढीच वस्ती उरली होती. त्या म्हशीसुद्धा एकमेकींशी बोलत नसत, विषय संपले होते.

डाकबंगला गावाबाहेर, पूल ओलांडून कोसभर पुढं, नांदेडच्या अंगाला. तिथली खानसामीण गुणाबाई. नवरा तिथंच खानसामा होता, साहेबांचं जेवणखाण बघायचा. तो गेल्यावर काम हिच्याकडे आलं. महिन्याकाठी एखादा साहेब यायचा, बाकीचे दिवस ती आणि बारा खुर्च्या. त्या खुर्च्या ती रोज पुसायची.

"या, डायवर," ती म्हणाली. अप्पांना पाहून पदर सारखा केला. "बसा, काका."

आमच्याकडे दारी आलेल्याला आधी गूळ-पाणी. त्या वर्षी मात्र रीत आक्रसली होती. गुळाचा खडा तेवढाच राहिला, पण पाणी एका लहान फुलपात्रात, तेही पाऊण. आणि पिणाऱ्यानं तळाशी घोट ठेवायचा, तो घरातलं लेकरू प्यायचं. गुणाबाईनं दोघांना गूळ दिला आणि काठोकाठ भरलेला तांब्या पुढं ठेवला. अप्पा प्याले. तिनं विचारलं, "आजून आणू?"

अप्पांनी हळूच मान हलवली. "गाडी कशी उभी होती गं, बाई?"

"अशी. भिंतीला डावं अंग लावून. उजवीकडं समदं उघडं. मावळतीचं ऊन तिकडूनच येतं बघा."

"अन् कोंबडा कुठंय?"

"कोंबडा? तो दिवाळीत खाल्ला की एका विंजनेरानं."

"शेषेराव इथंच निजत होता का?"

गुणाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "खरं सांगू? गाडी लावली अन् त्यो बिलोलीच्या यस्टीत बसला. बायकोला दिवस गेलेत त्याच्या. मला म्हनला, मावशी, सांगू नगंस. तिसऱ्या दिवशी तांबडं फुटताना आला."

म्हणजे शेषेराव खोटं बोलला होता, आणि दोन दिवस टाकीजवळ नव्हताच. शंकरप्पा आणि बाई पुलाखाली. अप्पांनी तांब्या उचलला, उरलेलं पाणी हुंगलं आणि मला पुढं केलं.

"कसला वास येतो रे?"

"पाण्याचा," मी म्हणालो.

"पी मंग."

मी प्यालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मोरीच्या खिडकीकडे पाहत होते. तीच ती भिंत, जिला गाडीचं डावं अंग लागलं होतं.

"चल," ते उठले. "पुलावर जाऊ. उरलेलं तिथं बोलू."

५

पूल कोरड्या पात्रावर उभा होता. खाली वाळूसुद्धा नव्हती, नुसते गोटे. अप्पा मधल्या कठड्यावर बसले.

"रंग नवा होता," ते म्हणाले. जणू कुणाला धान्याचा भाव सांगत होते. "जिथं आत पानी, तिथं पत्रा थंड. जिथं पानी न्हाई, तिथं पत्रा तव्यावानी तापला अन् रंगाला फोड आले. म्हणून ते एका रेघेवर थांबले. ती रेघ पान्याची. पटतं?"

"पटतं."

"चालत्या गाडीला वारा लागतो. फोड येतात उभ्या गाडीला. चाकूरच्या मैदानात मी काल मानूस धाडून विचारलं. तिथं गाडी तोंड फिरवून, जिनिंगच्या भिंतीला उजवं अंग लावून उभी होती. ऊन डाव्या अंगाला. लातुरात शेडखाली. मंग उजव्या अंगाला फोड कुठं आले?"

मी पुलाखालचे गोटे मोजत राहिलो.

"उजव्या अंगाला ऊन फकस्त हितं लागलं, बंगल्याम्होरं. म्हंजी टाकी हितंच उणी झाली. पुलाच्या आधी." त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "तीस टन या पुलावरून गेलेच न्हाईत."

पाखरू नाही, माणूस नाही. जीपचं इंजिन थंड होताना टक टक वाजत होतं तेवढंच.

"आता कुणी. वरच्या नळीतून रबरी पाइप सोडायचा, तोंडानं ओढायचा अन् मोरीच्या खिडकीतून आत घ्यायचा. बंगल्यात जुना हौद असतो, झाकणाखाली. दिसत न्हाई. सात हजार लिटर बारक्या पाइपानं जायला दीस लागतो. शेषेराव बिलोलीला, बाई अन् शंकरप्पा या पुलाखाली. अन् असा पाइप कुणापाशी असतो? जो पेट्रोल ओढतो त्याच्यापाशी. टाकीच्या नळीला पेट्रोलचा वास हाय. तांब्यातल्या पान्याला बी हाय. तुला आला न्हाई, कारन तुझ्या तोंडाला त्योच वास रोज असतो."

मी सिगारेट काढली, पेटवली नाही.

"बाईंच्या अंगावर आठ दिवस एकच लुगडं. शंकरप्पाचा सदरा उभा केला तर उभा ऱ्हाईल. अन् तुझा पांढराफेक. कुणी धुतला, श्रीमंत?"

"तिनंच," मी म्हणालो.

मग मी सांगितलं. तेवढं खरं मी आयुष्यात एका दमात कधी बोललो नसेन. पहिल्या दिवशी गुणाबाई दाराआडून म्हणाली होती, त्या विस्तवाला दूर लावा, मी एकटी बाई. मी म्हणालो, विस्तव कुठला, गोदावरीचं पाणी आहे. तिला खरं वाटेना. मी नळीतून पेलाभर काढून तिच्यासमोर प्यालो. ती हसली. त्या बंगल्यात कुणी हसलेलं भिंतींनी किती वर्षांनी ऐकलं असेल. मग तिनं एकाच भांड्याचं विचारलं. एका भांड्यासाठी पाइप लावला, तो काढावा असं दोघांनाही वाटलं नाही. पाणी हौदात पडत राहिलं आणि आम्ही बारा खुर्च्यांपैकी दोन घेऊन बसलो. गावातली म्हातारी माणसं संध्याकाळी घागरी घेऊन आली. मला वाटलं, टाकीत पाणी आहे, पाणी प्यायचं असतं. त्याचं वजन कुणाच्या जिवाचं आहे, हे मला काल काट्यावर कळलं.

"दोन दिवस मी जीपमधी तुमच्या मागं हिंडून राहिलो, अप्पा. सांगायला तोंड उघडलं की नोकरी दिसायची. अन् हिचं नाव येईल, चोरीचं पानी ठेवलं म्हणून."

"मला ठाऊक हाय."

"तुमी सांगा बाईंना. फोडांचं सांगा. माझं नाव कशाला?"

"रंगाच्या फोडांवर कलेक्टर सही करत न्हाई. मानसाच्या सहीवर करतो." ते कठड्यावरून उतरले. "दुसरंबी एक करता येतं. मी म्हनतो, चाकूरला गेलं पानी, कुणी नेलं कळलं न्हाई. बाई सही करतील. तुझी नोकरी ऱ्हाईल, तुझी गुणाबाई ऱ्हाईल. पुढच्या महिन्यात शेषेराव हितून तीस टन घेऊन जाईल. कदाचित पूल पेलंलबी."

"मंग?"

"मंग काय. काट्यावर बोट ठेवायचं का न्हाई, तुझं तू ठरव. मी चाळीस वर्षं ठेवलं न्हाई, पन माझ्यासाठी कुणी खुर्ची मांडून बसलं नव्हतं."

परतताना ते झोपले. निदान डोळे मिटून बसले. लातूरपर्यंतचा रस्ता मी तेव्हा जेवढा लांब पाहिला तेवढा तो नाही.

६

बाईंनी माझं सगळं ऐकलं. पुढ्यात शंकरप्पांच्या नावाचा कागद होता, तो त्यांनी फाडला. रागावतील म्हणून मी खाली बघत होतो.

"पाणी कुणाकुणाला मिळालं?" त्यांनी विचारलं.

"अकरा म्हातारी माणसं. तीन म्हशी. एक खानसामीण."

"प्रयोगशाळेत वजनाचं ठरवत होतो तेव्हा कुणीतरी म्हणालं, वाळू ओली-कोरडी निघते, पाण्याचं वजन सगळीकडे सारखं. मी हो म्हणाले." त्या जरा थांबल्या. "खोलीत नळ होता. उदगीरची मुलगी मी, आणि मला त्या नळापलीकडचं आठवलं नाही. लिहा, श्रीमंतराव. तारीख, जागा, किती वेळ पाइप लावला, सगळं."

मी लिहिलं. गुणाबाईचं नाव घातलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. शंकरप्पांनी त्याच कागदाला दुसरा जोडला, चार कमानी दुरुस्त केलेल्या नाहीत असा. परवानगी मंगळवारी आली.

पाणी परत मागायचा प्रश्न नव्हता. उणे सात टन खडीनं भरले. पुलाजवळच दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या. अप्पा लातूरहून तराजू घेऊन आले आणि टोपलं टोपलं मोजून त्यांनी सात टन गाडीवर चढवले. एका टोपल्यात मूठभर जास्त झाली तर काढून ठेवली.

शेषेराव स्टिअरिंगवर बसायला निघाला. बाईंनी त्याला खाली उतरवलं.

"मी चालवतो, बाई. मागल्या टायमाला चालवलीच की."

"मागच्या वेळी तुमचं नशीब तेवीस टनांचं होतं."

चाकं सरळ बांधली, पलीकडच्या काठावर रोडरोलर उभा केला, पोलादी दोरानं गाडी माणसावाचून ओढायला लागलो. पहिली कमान झाली. दुसरी झाली. शंकरप्पांनी डोळे मिटले होते ते उघडले. तिसऱ्या कमानीवर मागची आठ चाकं आली आणि खालून चुन्याची धूळ पडली, पीठ चाळावं तशी. मग एक दगड पडला. मग आवाज इतका मोठा झाला की अहमदपुरात लोकांना वाटलं गडगडलं, आणि त्यांनी वाळवणं आत घेतली.

धूळ खाली बसली तेव्हा गाडी उलटून तोंडावर पात्रात पडली होती आणि फाटक्या टाकीतून तेवीस टन गोदावरी गोट्यांवर ओतत होती. ड्रायव्हरची केबिन खडकावर चेपून हातभर उरली होती. शेषेराव तिच्याकडे बघत राहिला. नंतर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. बिडी अर्धी ओढली आणि उरलेली मला दिली.

कांड्या जूनच्या पहिल्या आठवड्यात गेल्या, लांबच्या रस्त्यानं, नव्या सिमेंटच्या पुलांवरून. शेषेरावनंच नेल्या. बाईंनी अहवालात माझं नाव न घालता 'जीपचालक' एवढंच लिहिलं, पण जीपचालक एकच होता. माझी नोकरी गेली. ते मी धरूनच चाललो होतो.

एक मात्र धरून चाललो नव्हतो. पूल गेला तसा तो रस्ताच बंद झाला. रस्त्यावर कुणी येईना, म्हणून डाकबंगला मोडीत काढला. हे मला कळायला श्रावण लागला. गेलो तर दाराला सरकारी कुलूप. एक म्हातारी म्हणाली, गुणाबाई गेली, मुरुडला, लांबच्या भावाकडं. भावाचं नाव? ठाऊक न्हाई. घर? ठाऊक न्हाई. निरोप? म्हातारी म्हणाली, तुमचाच काही निरोप येतो का म्हणून आठ दिवस थांबली होती.

मुरुड मोठं गाव. बाजाराच्या दिवशी तर दोन लातुरं त्यात मावतील. मी लागोपाठ चार बाजार केले, दारोदार विचारत. गुणाबाई नावाच्या सतरा बाया निघाल्या. सतराही दारी गेलो, सतराजणींनी बसा म्हटलं, आणि सतराही वेळा मी चप्पल काढायच्या आधीच कळलं, की ही ती नाही.